बर्फाची सर आणि तिच्या आधीचा गार झोत

प्रश्न : जानेवारीत जपानमधील कानाझावाला मुलीकडे मुक्काम होता. उन्हातच अचानक बोचरा वारा सुटायचा, दहा-पंधरा मिनिटे दाट बर्फ पडायचा आणि पुन्हा ऊन यायचे. मला आपला वळीव आठवला. वारा बर्फामुळे येतो, की बर्फ वाऱ्यामुळे खाली येतो? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दिसतो तो बर्फ हाच का?
— एक वाचिका, वाई (जि. सातारा)

उत्तर : वळीव आठवला हे अगदी योग्य झाले, कारण दोन्हींची घडण मुळात एकच आहे. मे महिन्यात आपल्याकडे तापलेल्या जमिनीवरून उठलेले ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातात. कानाझावाला मात्र सैबेरियाकडून आलेली गोठवणारी, कोरडी हवा कोमट त्सुशिमा सागरी प्रवाहावरून येताना खालून तापते, ओलावा उचलते आणि तिचे ढग साधारण दोन ते चार किलोमीटरपर्यंतच वाढतात. एवढ्या बुटक्या ढगांतही विजा कडाडतात. त्या गडगडाटाला तिकडे ‘बुरी-ओकोशी’, म्हणजे बुरी माशाला जागवणारा, असे सुंदर नाव आहे.

हिमकण स्वतःच्या वजनाने सेकंदाला जेमतेम एक मीटर उतरतात. म्हणजे दोन किलोमीटरवरून जमिनीला टेकायला त्यांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात ते लवकर पोचतात, कारण ढगात साठलेल्या कणांचा भार भोवतालच्या हवेलाही खाली ओढतो आणि ढगाखालच्या कोरड्या हवेत काही कणांची न वितळताच वाफ होऊन ती हवा थंड व जड होते. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते, तर त्याची थेट वाफ व्हायला सुमारे ६८०, आणि ही सगळी उष्णता हवेतूनच घेतली जाते. तेव्हा बर्फ हवेला खाली आणतो आणि ती हवा बर्फाला. आपल्या दोन्ही शंका खऱ्या आहेत. जमिनीवर आदळलेली हवा चहूकडे पसरते, म्हणून वळवाआधी धुळीचा लोट यावा तसा झोत आधी लागतो आणि बर्फ मागून येतो. मात्र हाच प्रवाह ढगाला पोसणाऱ्या वर चढणाऱ्या हवेची वाट अडवतो, त्यामुळे सर लवकर आटोपते.

वेण्णाकाठचा प्रकार निराळा आहे. तिथे निरभ्र, शांत रात्री जमीन व गवत उष्णता गमावून गारठतात आणि दव जागच्या जागी गोठते. तो पांढरा थर ढगातून पडलेला नसतो.