आईचा कॅन्सर परतलाय, केमोनंतर ती जेवतच नाही. काय करू?

बाबांचा आजार उलटला तेव्हा आम्हीही ताट घेऊन त्यांच्या मागे लागायचो. तसं नका करू, त्यांना अपराधी वाटतं. तोंड आलं असेल तर कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या. स्टीलचा चमचा बाबांना लोखंडासारखा लागायचा. लाकडी चमच्याने मुगाची मऊ, गार खिचडी चार घास जायची. तर्री, तिखट सध्या बंद. नागपूरच्या उन्हात पाणी घोटघोट देत राहा.

ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्री दोनलाही हॉस्पिटल गाठा. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग झपाट्याने पसरतो. दुखणं, मळमळ आवरत नसेल तर पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे आजारातला त्रास कमी करणारे, डॉक्टर आत्ताच गाठा. ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतात.