लिलावातल्या मिलिटरी जिप्सीला डिझेल इंजिन बसवावं की लिफ्ट किट?

मारुतीची एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली पेट्रोल) जिप्सी, लष्कराच्या लिलावातली, कागदपत्रं झालेली, वापर खानापूरकडच्या शेतावर आणि अधूनमधून चोर्ला घाटात. तर डिझेल इंजिन बसवू की लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच), असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. 60-70 च्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरतं, हे तुम्ही जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलंय. खरं काम तिथं आहे.

यावर बेळगावात दहापैकी आठ मेस्त्री स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे हेलकावे दाबणारा शॉकअप, लावून देतात. मागच्या पावसाळ्यात अशीच डॅम्पर लावलेली एक गाडी पुन्हा थरथरायला लागली म्हणून उद्यमबागेत खोलली, तेव्हा मी तिथंच होतो. डाव्या नकलमधून (पुढचं चाक ज्याच्यासकट वळतं तो सांधा) ग्रीसऐवजी दुधाळ पाणी आलं. नकल ज्यावर फिरतं त्या खालच्या किंगपिनच्या बेअरिंगच्या कपात, म्हणजे बाहेरच्या कड्यात, रोलरच्या रेघा उमटलेल्या, बोटाला लागतील एवढ्या खोल. चाक सरळ असताना रोलर बरोबर त्या रेघांत बसायचे आणि जरा धक्का लागला की उसळायचे. डॅम्परनं हा आजार झाकला होता, एवढंच.

काम असं करायचं. दोन्ही बाजूंची मिळून चारही बेअरिंगं कपासकट बदला, एकच बाजू करू नका. हब, स्पिंडल, अ‍ॅक्सल शाफ्ट काढल्यावर वरच्या आणि खालच्या किंगपिनवर खूण करा, त्यांच्या शिम (पातळ चकत्या) ज्याच्या त्याच्यापाशी ठेवा. कप पितळी दांड्यानं ठोकून काढा. अ‍ॅक्सल ट्यूबच्या आतलं ऑईल सील याच वेळी बदला. ते राहिलं तर डिफरन्शियलचं 90 नंबर ऑईल नकलमध्ये उतरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि शेवटी ब्रेकवर गळतं. नकल ज्या गोळ्याभोवती फिरतं त्यावर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर मारा, नाहीतर नवं सील महिन्याभरात फाटतं.

आता ज्यावर सगळे घाई करतात ते. गोळ्याचं सील न लावता, दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड सुटा ठेवून, टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगचा वजनकाटा अडकवा आणि नकल ओढा. 1 ते 1.8 किलोवर ते हललं पाहिजे. हलकं गेलं तर शिम कमी करा, जड गेलं तर वाढवा. किंगपिनचे बोल्ट 20 ते 30 न्यूटन मीटर, पान्याला पाईप लावून आवळू नका. ‘हातानं कळतं की’ म्हणणाऱ्या मेस्त्रीकडं काटा नसतो, म्हणून तो तसं म्हणतो.

पाणी शिरलं कुठून? गरम अ‍ॅक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचं छिद्र) चिखलानं बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात हे ठरलेलं. पुढच्या-मागच्या दोन्ही ब्रीदरला नळी जोडून ती वर बॉनेटखाली न्या. लिफ्ट किटपेक्षा हे अपग्रेड जास्त कामाचं आणि शे-दोनशेत होतं. ऑईल एकदा सगळं बदला: पुढचं डिफरन्शियल 2 लिटर, मागचं दीड, गिअर बॉक्स 1.3, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) 0.8. लष्कराची गाडी फिरते कमी, उभी जास्त, त्यामुळं ब्रेक होज आणि पाट्यांचे बुश किलोमीटर न बघता बदलायचे.

डिझेलबद्दल. मूळ पेट्रोल इंजिन 103 न्यूटन मीटर टॉर्कचं, सगळे गिअर त्या हिशोबाचे. तिथं 190 चं मल्टिजेट डिझेल इंजिन बसवलं की आधी ट्रान्सफर केसचे माउंटिंग फाटतात, वर पुढच्या अ‍ॅक्सलवर जादा वजन, म्हणजे पुन्हा तेच किंगपिन. आरटीओची परवानगी नसताना बदललेलं इंजिन विम्याच्या वेळी नडतं ते वेगळंच. ‘माझ्या पाहुण्याची चालतीय की’ हे मला सांगू नका, घाटात दोरी लावून ओढलेल्याही बघितल्यात.

टायर 215/75 आर15 पर्यंत चालतात. 235 पूर्ण वळणावर पाट्याला घासतात.

बेअरिंगं नवी करूनही थरथर राहिली तर ड्रॅग लिंकचे (स्टिअरिंगपासून चाकाकडं जाणारा दांडा) एंड आणि चाकांचं बॅलन्सिंग बघा. हे खरं तर आधीच बघायचं, स्वस्त आहे. त्यानंतर डॅम्पर खुशाल लावा. आणि गाडी अजून लष्करी हिरवीच असेल तर रंग बदला: केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो.