पिक्स आणि प्रॉस्पेक्ट कधी खर्च करायचे: ओटावात पाहिलेला रीबिल्ड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एनएचएल या आइस हॉकी लीगमधल्या शिकागो ब्लॅकहॉक्सकडे कॉनर बेडार्ड हा तरुण तारा आहे, त्याच्या मागे प्रॉस्पेक्ट्सची, म्हणजे होतकरू तरुण पोरांची रांग आहे, वर पहिल्या फेरीचे पिक्स (दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क) आहेत. मग लेव्हशुनोव हा तरुण बचावपटू आणि दोन पिक्स देऊन तिशीला टेकलेला एखादा मोठा खेळाडू आत्ताच का आणू नये?

मला ही घाई समजते. मी १५ वर्षं ओटावात राहतो आणि इथल्या सेनेटर्स संघाचा रीबिल्ड (जुने खेळाडू देऊन तरुणांवर नवा संघ उभारणं) सुरुवातीपासून पाहिला आहे. तरीही माझं उत्तर "आत्ता नको" असंच आहे, आणि त्याचं कारण तुमच्याच संघाशी झालेल्या एका व्यवहारात आहे.

७ जुलै २०२२. सेनेटर्सनी शिकागोकडून अ‍ॅलेक्स डिब्रिंकॅट घेतला. आदल्या मोसमात त्याने ४१ गोल केले होते. त्याच्यासाठी त्या वर्षीचा ७वा पिक, ३९वा पिक आणि २०२४चा तिसऱ्या फेरीचा पिक दिला. त्या रात्री आमच्या घरी आनंदीआनंद होता. पण तेव्हा संघाची अवस्था काय होती? आमच्या मुख्य पोरांपैकी टिम श्टुट्झले २० वर्षांचा होता. जेक सँडरसन एनएचएलमध्ये एकही सामना खेळलेला नव्हता. डिब्रिंकॅटच्या कराराचं मात्र एकच वर्ष उरलं होतं. ते संपल्यावर त्याला राखायचं तर ९० लाख डॉलरची क्वालिफायिंग ऑफर (खेळाडूवरचा हक्क टिकवायला संघाने द्यायचा किमान पगाराचा प्रस्ताव) द्यावी लागणार होती. त्याने २७ गोल केले, दीर्घ करार करायला नकार दिला, आणि वर्षभरात तो त्याच्या मिशिगनमध्ये, डेट्रॉइटला गेला. त्याचा दोष नाही. घराजवळ खेळावंसं कुणालाही वाटेल. चूक आमची होती. बियाणं विकून आम्ही पाहुण्याला जेवू घातलं, आणि पेरणी तर अजून पुरती झालीच नव्हती.

शिकागोनेही हेच केलं होतं, तेही एक वर्ष आधी. २०२१मध्ये सेथ जोन्ससाठी त्यांनी कोलंबसला अ‍ॅडम बोकविस्ट आणि पहिल्या फेरीचे दोन पिक्स दिले. संघ वर जाईल असं धरून चालले होते, तो खाली गेला, आणि २०२२चा पिक ६वा ठरला (संघ जितका खाली, तितका त्याचा पिक आधीचा आणि मोलाचा). जोन्स उत्तम खेळाडू आहे, २०२५मध्ये फ्लोरिडाकडून त्याने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपदही जिंकलं. पण त्याची चांगली वर्षं आणि शिकागोची चांगली वर्षं जुळणारच नव्हती.

माझ्या मते सगळा प्रश्न या जुळण्याचा आहे. "हा खेळाडू किती चांगला आहे?" हे नंतर विचारा. आधी विचारा की आपली मुख्य पोरं २४-२५ची होतील तेव्हा याचं वय काय असेल आणि तेव्हा तो कुणाच्या कराराखाली असेल. आज २९चा असलेला खेळाडू तेव्हा तेहतिशीत असेल. लेव्हशुनोव मात्र ऐन भरात असेल.

आता याची दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. डिब्रिंकॅटच्या बदल्यात डेट्रॉइटने जे दिलं त्यात पहिल्या फेरीचा एक पिक होता. तो मुळात बोस्टनचा. २०२४मध्ये तो २५वा ठरला आणि सेनेटर्सनी तोच पिक, योनास कोर्पिसालो आणि मार्क कास्टेलिक असं बोस्टनला परत देऊन लिनस उलमार्क आणला. उलमार्क २०२३चा व्हेझिना (सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार) विजेता. त्याच्याही कराराचं एकच वर्ष उरलं होतं, म्हणजे धोका इथेही होता. फरक एवढाच की तोवर कर्णधार ब्रेडी टकाचक, श्टुट्झले आणि सँडरसन तिघेही दीर्घ कराराने बांधलेले होते आणि उणीव नेमकी गोलमध्ये होती. उलमार्कने ऑक्टोबरमध्ये पुढच्या चार वर्षांचा करार केला, आणि २०२५च्या वसंतात सेनेटर्स २०१७नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये खेळले. टोरोंटोकडून सहा सामन्यांत हरले, तरी त्या दोन आठवड्यांत ओटावाच्या कनाटा भागातल्या आमच्या रिंकमध्ये जो आवाज होता तो मी विसरणार नाही. पहिल्या फेरीचा पिक २०२२मध्येही दिला आणि २०२४मध्येही. आधीचा वाया गेला, नंतरचा कामी आला.

विकताना काय मागावं, यावर थोडं. सप्टेंबर २०१८मध्ये आमचा कर्णधार एरिक कार्लसन सॅन होजेला गेला तेव्हा माझ्या मुलाने ६५ नंबरची जर्सी कपाटाच्या तळाशी टाकली. बदल्यात आलेल्या गोष्टींत २०२०चा पहिल्या फेरीचा पिक होता. सॅन होजे बलाढ्य होतं, म्हणून तो पिक फेरीच्या शेवटीच येणार असं बहुतेकांनी धरलं होतं. संघ कोसळला, पिक ३रा आला, आणि त्यातून श्टुट्झले मिळाला. याउलट फेब्रुवारी २०१९मध्ये मार्क स्टोन वेगासला दिला, त्यातला मुख्य मोबदला होता एरिक ब्रेनस्ट्रॉम, एकटा प्रॉस्पेक्ट. त्याच्यावर सगळ्यांच्या आशा होत्या, त्या फळल्या नाहीत. २०२३मध्ये स्टोनने कर्णधार म्हणून कप उचलला, निर्णायक सामन्यात हॅटट्रिक करून. म्हणून दुसऱ्याचा पिक घेताना तो दोन वर्षं पुढचा मागावा, कारण आज जोरात असलेला संघ तेव्हा कुठे असेल हे त्यालाही माहीत नसतं. आणि सगळा भरवसा एका पोरावर टाकू नये.

सॅलरी कॅपमधली (संघाच्या एकूण पगारांवरच्या मर्यादेतली) मोकळी जागाही विकता येते, हे बरेच जण विसरतात. २०२२च्या ड्राफ्टमध्ये टोरोंटोला गोलरक्षक पीटर म्राझेकचा करार नकोसा झाला होता. शिकागोने तो अंगावर घेतला, आपला ३८वा पिक दिला आणि टोरोंटोचा २५वा घेतला. त्यातून सॅम रिंझेल मिळाला. एकही प्रॉस्पेक्ट न गमावता झालेला हा सौदा मला त्या उन्हाळ्यातला शिकागोचा सर्वांत शहाणा व्यवहार वाटतो.

मग तुमच्या संघाने काहीच देऊ नये का? द्यावं. एकाच जागेसाठी तीन पोरं उभी असतील तर तिसऱ्याला चौथ्या फळीत गंजवण्यापेक्षा त्याची किंमत आहे तोवर द्यावा. मात्र समोरून येणारा २३-२५ वर्षांचा आणि चार-पाच वर्षं करारात असलेला हवा. मार्च २०२५मध्ये सेनेटर्सनी जॉश नॉरिस बफेलोला देऊन डिलन कझन्स आणला तो असाच: वय २४, करार २०३०पर्यंत. शिकागोसाठी मी आज अशाच नावांची यादी काढायला बसेन, आणि लेव्हशुनोवबद्दल फोन आला तर नम्रपणे नाही म्हणेन.