वाचकांचे प्रश्न : अकराशे किलोमीटरला सव्वादोन तास का?

प्रश्न : मुंबई ते दिल्ली हवाई अंतर नेमकं किती? विमान ताशी आठशेच्या वर जातं, तरी तिकिटावर सव्वादोन तास का दाखवतात?

अंतर घरीही काढता येतं. मुंबई विमानतळ १९.१ अक्षांशावर, दिल्लीचा २८.६ वर. फरक ९.५ अंश आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किमी, म्हणून उत्तरेकडे १,०५४ किमी. रेखांशात फरक ४.२ अंशांचा. मात्र रेखांश उत्तरेकडे जवळ येत जातात. या पट्ट्यात एक अंश १०१ किमीच्या आसपास भरतो, म्हणजे पूर्वेकडे सुमारे ४२४ किमी. दोन्हींचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढा : साधारण १,१४० किमी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे रेखांशालाही १११ ने गुणणं. (राजधानी एक्स्प्रेसचा रेल्वेमार्ग मात्र जवळपास १,३८५ किमीचा आहे.)

आता वेळ. १,१४० ला ८३० ने भागलं तर ८२ मिनिटं येतात, पण हा वेग ३५ हजार फुटांवरचा आहे. चढताना तो कमी असतो आणि दहा हजार फुटांखाली सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमीची मर्यादा असते. दर हजार फूट उतरायला ३ नॉटिकल मैल हा ढोबळ हिशोब धरला, तर ३५ हजार फुटांसाठी १०५ नॉटिकल मैल, म्हणजे १९५ किमी लागतात. शिवाय धावपट्टीच्या दिशेनुसार वळसा पडतो. प्रत्यक्ष हवेत त्यामुळे १०० मिनिटांच्या आसपास जातात.

तिकिटावरचा काळ तर विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात आणि गर्दीच्या वेळी रांग लागते. विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर जागेपर्यंत चालतं (याला टॅक्सी म्हणतात), त्याचा दोन्हीकडचा मिळून अर्धा तास धरा. उरलेली काही मिनिटं कंपनी उशिराची सोय म्हणून वेळापत्रकात घालते. म्हणूनच विमान पंधरा मिनिटं उशिरा सुटूनही कधी कधी वेळेवर पोचतं.

पुढची गाडी ठरवताना तिकिटावरचीच वेळ धरा, हवेतली नव्हे. त्यावर बॅग आणि बाहेर पडायला किमान पाऊण तास ठेवा. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दाट धुकं असतं. त्या दिवसांत जोडगाडी असेल तर दुपारचं विमान घेणंच शहाणपणाचं.

प्रश्न : मुलगी लंडनला असते. तिकिटावर जाताना पाच तास आणि येताना साडेतेरा तास दिसतात. असं कसं?

दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. मुंबईहून दुपारी १ ला निघून तिथे संध्याकाळी ६ ला उतरलात, तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा. परत येताना रात्री ९ ला निघून सकाळी साडेदहाला पोचलात, तर साडेतेरातून साडेचार वजा करा : नऊ तास. हा अर्ध्या तासाचा फरक पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरच्या वाऱ्यांचा. हिवाळ्यात वारे जोरदार असल्याने तो वाढतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेपाच तासांचा होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तो पुन्हा साडेचार. या दिवसांच्या आसपास मुलीला विमानतळावर बोलावताना तारीख नीट बघा.