श्रद्धा सोडून गेलेल्याला क्षमा आहे का? एका तांडेलाचा प्रश्न

"मी एकदा देवाला सोडले होते, आता परत यायचे आहे, पण माझ्यासारख्याला क्षमा मिळू शकते का?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्याकडे अनेकदा आला आहे. विचारणारे बहुतेक ख्रिस्ती असतात, वय चाळीसच्या पुढचे असते, आणि हा प्रश्न मनात धरून ते कित्येक महिने नीट झोपलेले नसतात. मी स्वतः ख्रिस्ती घरात वाढले, पण समुपदेशकाच्या खुर्चीत बसून कोणाला पापक्षमा देण्याचा अधिकार मला नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. पुढची हकीकत हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका गृहस्थांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ते आयुष्यभर बोटीवर होते, म्हणून त्यांना मी इथे तांडेल म्हणेन.

तांडेल त्रेसष्ट वर्षांचे, वेंगुर्ल्याच्या बाजूचे, कॅथलिक. चौदा वर्षांपूर्वी मासेमारीची बंदी उठल्यावर ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात, समुद्र अजून खवळलेला असताना, त्यांची होडी उलटली आणि त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा परत आला नाही. तिसऱ्या दिवशी दफन झाले. त्यानंतर महिन्याभराने त्यांनी घरासमोरच्या चबुतऱ्यावरचा खुरीस, म्हणजे क्रूस, स्वतःच्या हाताने उपटला, घरातली तेर्साची माळ, म्हणजे प्रार्थनेची जपमाळ, खाडीत फेकली, आणि चर्चच्या आवारात चार माणसांसमोर फादरना सांगितले की आजपासून मी ख्रिस्ती नाही. चौदा वर्षे ते मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले नाहीत. मुलीच्या लग्नात ते चर्चच्या फाटकाबाहेर माडाखाली उभे राहिले आणि जेवणाच्या पंगतीला मात्र आले.

मग नातीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा (चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा) दिवस ठरला आणि तिने आजोबांना सांगितले की तुम्ही माझ्या बाजूला बसायचे. परत जावे, असे तांडेलांना तेव्हा पहिल्यांदा मनापासून वाटले. नेमके त्याच सुमारास एका प्रार्थनागटात जाणाऱ्या ओळखीच्या माणसाने त्यांना बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय वाचून दाखवला. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली आणि जे नंतर पतित झाले, त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवे करणे अशक्य आहे, अशा आशयाच्या त्या ओळी आहेत. वाचून दाखवणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही, पण बायबलचा एखादा परिच्छेद मागचेपुढचे न सांगता असा कोणाच्या हातात देणे म्हणजे औषधाची बाटली चिठ्ठीशिवाय देण्यासारखे आहे.

"माका आता माफी नाय, मॅडम," तांडेल म्हणाले. रात्री उठून ते चाळीस-पन्नास वेळा क्षमा मागत होते, आणि क्षमा मिळाल्यासारखे वाटत नाही म्हणून पुन्हा मागत होते.

माझी पहिली चूक इथे झाली, आणि ती आमच्या व्यवसायात नेहमी होणारी असल्यामुळे सविस्तर लिहिते. मी मनात ठरवून टाकले की हा धर्माचा प्रश्न नसून दुःखाचा आहे. होडी बाहेर काढण्याचा निर्णय त्यांचा होता, तेव्हा खरा अपराधभाव मुलाच्या मृत्यूचा असणार आणि धर्मत्याग हे त्यावरचे पांघरूण असणार. दुसऱ्या भेटीत मी गोष्ट सारखी मुलाकडे वळवत राहिले. तांडेलांनी थोडा वेळ ऐकून घेतले, मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि म्हणाले, "झिलाचा रडान माझा झाला. ह्या वेगळा आसा." मुलाचे दुःख त्यांनी चौदा वर्षांत, बायकोबरोबर आणि एकट्याने, पुरते भोगले होते. ते आता विचारत होते ते देवाविषयीच विचारत होते. माणसाने धर्माचा प्रश्न विचारला की त्याखाली दुसरेच काहीतरी असणार, असे धरून चालणे ही आमची एक सोयीची सवय आहे, आणि मी त्या दिवशी त्यांच्यासमोर ती कबूल केली.

एक गोष्ट मात्र मी तपासली. तीच क्षमा पुन्हा पुन्हा मागणे हे कधीकधी मंत्रचळाचे (तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचे) लक्षण असते आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार लागतात. हा त्रास जुना आहे. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लॉयोला यांना १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसा इथे असताना कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा कबूल करावीशी वाटत आणि त्यांच्या मनात जीव देण्याचे विचारही येऊन गेले होते. तांडेलांच्या बाबतीत ही पुनरावृत्ती दुसऱ्या कोणत्याही गोष्टीत नव्हती, ती फक्त या एका भीतीपुरती होती आणि त्या वाचनानंतर सुरू झाली होती. म्हणून आम्ही त्या ओळींकडेच गेलो.

इब्री पत्र लिहिणारा ज्यांना उद्देशून लिहीत आहे ते लोक सोडून गेलेले नाहीत, सोडण्याच्या बेतात असलेले आहेत. छळाला कंटाळून माघार घेऊ पाहणाऱ्यांना तो कठोर इशारा देतो, आणि लगेच नवव्या ओळीत, तुमच्याविषयी मात्र आमची याहून चांगली खात्री आहे, अशा अर्थाचे बोलतो. सहाव्या ओळीतील मूळ ग्रीक क्रियापदांचा काळ पाहून काही भाष्यकार असा अर्थ लावतात की ते ख्रिस्ताला पुन्हा क्रुसावर देत राहतात तोवर त्यांचे नवे होणे अशक्य आहे. ख्रिस्ती पंथांचे यावर एकमत नाही हेही मी त्यांना सांगितले. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेत म्हणतात की जो खरोखर देवाचा आहे तो कायमचा गळून पडतच नाही. मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक वेस्लीच्या परंपरेत म्हणतात की माणूस पडू शकतो. आणि कॅथलिक शिकवणीप्रमाणे बाप्तिस्म्यानंतरचे कितीही मोठे पाप पश्चात्तापाने व पापनिवेदनाने, म्हणजे धर्मगुरूसमोर पाप कबूल करून, क्षमा होऊ शकते. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात एसावाने अश्रू ढाळूनही त्याला संधी मिळाली नाही असे आहे, आणि तांडेलांना तेही कोणीतरी ऐकवले होते. तिथे एसाव रडतो तो गमावलेल्या आशीर्वादासाठी रडतो, आणि तो आशीर्वाद धाकट्या भावाला देऊन झालेला होता. ही गोष्ट उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे.

मग त्यांनी सर्वात जास्त भीती वाटणारी गोष्ट काढली: पवित्र आत्म्याविरुद्धचे दुर्भाषण, ज्याला कधीच क्षमा नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात ती ओळ येते, आणि ती कोणाला उद्देशून आहे हे त्याच ठिकाणी लिहिलेले आहे. यरुशलेमेहून आलेले यहुदी शास्त्री, येशूच्या हातून समोर माणसे बरी होत असताना, हे काम सैतानाच्या मदतीने चालले आहे असे म्हणत होते. प्राचीन चर्चमधले धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांनी या पापाचा अर्थ शेवटपर्यंत पश्चात्ताप न करणे असा लावला आहे. जो रात्री उठून पन्नास वेळा क्षमा मागतो त्याच्याविषयी ती ओळ कशी असेल, हे मी तांडेलांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही.

त्यांना खरोखर थांबवले ते इतिहासाने. २५० साली रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला की प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. असे पपायरसवरचे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवण्यासाठी बळी दिला, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला, आणि छळ ओसरल्यावर हे सारे परत चर्चच्या दाराशी आले. रोममध्ये नोवेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला की यांना पुन्हा घेता येणार नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन, जे स्वतः छळाच्या काळात लपून राहिले होते, त्यांनी २५१ मध्ये आपल्या बिशपांची परिषद भरवली, आणि ठरले ते असे की परत येणाऱ्यांना प्रायश्चित्ताच्या वाटेने घ्यायचे. चर्चने नोवेशियनला नाकारले. ३२५ साली नायसिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने, कसलीही जबरदस्ती नसताना श्रद्धा सोडलेल्यांसाठीही मार्ग ठरवून दिला: तीन वर्षे वाचने ऐकणाऱ्यांमध्ये, सात वर्षे गुडघे टेकणाऱ्यांमध्ये, आणि दोन वर्षे सगळ्यांबरोबर प्रार्थनेत, पण प्रभुभोजनाशिवाय, म्हणजे ख्रिस्तप्रसाद न घेता. मरणाच्या दारातल्या माणसाला मात्र ते नाकारायचे नाही, असेही तिथेच ठरले.

तांडेलांनी बोटांवर बेरीज केली. "बारा वर्सां," ते म्हणाले. "म्हणजे दार बंद नाय होता, रांग लांब होती." मग थोडे हसून, आपली चौदा भरली आहेत, असे त्यांनी सांगितले. ही शिक्षा भोगून संपवायची बाब नाही, आणि आजचे चर्च असे टप्पे लावतही नाही, हे मला त्यांना समजवावे लागले. पण पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात हिशेब करणाऱ्या माणसाचा सूर होता, आणि मला तो बरा वाटला.

पुढच्या भेटीत मी त्यांच्यासमोर योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय ठेवला. येशूचा शिष्य पेत्र याने तीनदा त्याची ओळख नाकारली ती रात्री, कोळशाच्या शेकोटीजवळ; आणि येशू त्याला परत बोलावतो तेव्हा किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचाच विस्तव असतो. नव्या करारात त्या ग्रीक शब्दाचा उपयोग या दोनच ठिकाणी आहे. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. तांडेलांना त्या शब्दात फारसा रस दिसला नाही. त्यांनी पान जवळ ओढले, रात्रभर जाळे टाकून काही न मिळाल्याची ओळ पाहिली, पहाट झाल्याची ओळ पाहिली, आणि मासे निखाऱ्यांवर आधीच ठेवलेले होते तिथे बोट टेकवून म्हणाले, "निखारो होवक येळ लागता. तो आधीच येवन बसललो." कोळसा पेटतो, धूर जातो, ज्वाळा बसते, आणि मग मासा ठेवण्यासारखा निखारा होतो, म्हणजे ज्याने तो तयार केला तो होडी दिसण्याच्याही आधीपासून किनाऱ्यावर असणार. इतकी वर्षे हा अध्याय वाचूनही मला ते सुचले नव्हते.

त्यानंतर माझे काम फादरांकडे पाठवण्याचे होते. कॅथलिक चर्चच्या कायद्यात धर्मत्यागाला बहिष्काराची तरतूद आहे, परंतु तो औषधासारखा दंड मानलेला आहे आणि माणूस परतला की उठवण्यासाठीच आहे. शोकाच्या भरात चार माणसांसमोर काढलेले शब्द त्या कायद्याच्या अर्थाने धर्मत्याग ठरतात का, हे फादरांनी सावंतवाडीच्या बिशप हाउसला विचारून घेतले, आणि मग एका शनिवारी संध्याकाळी तांडेलांनी पापनिवेदन केले.

त्या रात्री त्यांचा फोन आला. "काय्येक वाटूक नाय, मॅडम." मी त्यांना याची आधी कल्पना दिली होती, तरी आवाज घाबरलेला होता. त्यांच्याच चर्चच्या शिकवणीत क्षमेचा उच्चार याजक करतो आणि ती त्या शब्दांमुळे लागू होते, मनात काही उचंबळले की नाही यावर ती अवलंबून नसते, हे मी पुन्हा सांगितले. आज पुन्हा क्षमा मागायची नाही, आणि मागावीशी वाटली तर एकदाच आभार मानून झोपायचे, एवढे ठरले. पहिल्या आठवड्यात ते तीन रात्री जमले, पुढच्या आठवड्यात पाच.

नातीच्या कार्यक्रमाला तांडेल गेले, पण तिच्या बाजूला पहिल्या रांगेत बसले नाहीत. त्यांनी शेवटचे बाक धरले, आणि दर रविवारी तेच धरत राहिले. मुलगी काळजीत पडली. मी तिला म्हटले की बसू दे. जुन्या चर्चमध्ये मागे उभे राहण्यालाही जागा नेमून दिलेली होती.

पाऊस संपता संपता मुलीचा निरोप आला की बाबा आता दोन बाके पुढे बसायला लागले आहेत. पुढच्या भेटीत मी त्यांना त्याबद्दल विचारले, काही बदलले का म्हणून. त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले.

"थंय पंखो आसा," ते म्हणाले.