बाप्तिस्मा होतो, घेतात, देतात की करतात?

प्रश्न असा आहे: ‘वानवडीच्या शेजाऱ्यांकडून नातीच्या बाप्तिस्म्याची पत्रिका आली. तीत “बाप्तिस्मा विधी होणार आहे” असं छापलंय. ऑफिसातले एक सहकारी मात्र “मी बाप्तिस्मा घेतला” असं सांगतात. बरोबर कुठलं? स्नानसंस्कार हा सुटसुटीत शब्द असताना हा परका शब्द कशाला? आणि जाता जाता, “तारण” म्हणजे काय? मला सोनेतारण तेवढं ठाऊक.’

दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

मराठीत मुंज होते, बारसं होतं, जावळ काढतात. बटूने ‘मुंज घेतली’ असं कोणी म्हणत नाही, कारण बटूला कोणी विचारलेलंच नसतं. दीक्षा, अनुग्रह, संन्यास मात्र ‘घेतात’. तिथे घेणाऱ्याची इच्छा गृहीत असते. त्याच न्यायाने तान्ह्या नातीचा बाप्तिस्मा होतो, आईवडील तो करवून घेतात आणि तुमचे सहकारी तो घेतात. पाळक किंवा फादर तो देतात. ‘करणे’ही चालतं, बायबलातला योहान ‘बाप्तिस्मा करणारा’ म्हणूनच ओळखला जातो. सामान्यरूपात मात्र ‘बाप्तिस्म्याचा’, ‘बाप्तिस्म्याला’ असं लिहावं. ‘बाप्तिस्माचा’ हे रूप हल्ली फ्लेक्सवर सर्रास दिसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

व्याकरणापुरतं उत्तर इथे संपतं. खरी गंमत अशी, की ‘होणे’ आणि ‘घेणे’ यांतल्या फरकावर ख्रिस्ती जगात शतकानुशतकं भांडणं झाली आहेत. कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन मंडळ्या (म्हणजे चर्च) बाळांना बाप्तिस्मा देतात. त्यांच्या मते यात आधी देव काही करतो, माणसाची समज मागून येते. बॅप्टिस्ट, ब्रदरन, पेंटेकोस्टल यांचं म्हणणं, की आधी विश्वास, मग पाणी. ज्याला बोलता येत नाही तो कबुली कशी देणार? 1525 च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही जणांनी एकमेकांना प्रौढपणी बाप्तिस्मा दिला आणि तिथून हा वाद पेटला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला 1527 मध्ये तिथल्याच लिमाट नदीत बुडवून मारलं. मारणारेही ख्रिस्तीच, आणि तेही सुधारणावादी, म्हणजे प्रोटेस्टंट.

मग मूळ ग्रीकमध्ये ‘होतो’ आहे की ‘घेतात’? दोन्ही. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, अध्याय 2, वचन 38 मध्ये येशूचा शिष्य पेत्र लोकांना सांगतो तिथे क्रियापद कर्मणी आहे. शब्दशः ‘तुमच्यापैकी प्रत्येकाचा बाप्तिस्मा होवो’ असं काहीसं. आपल्याकडचं प्रचलित बायबल तिथे ‘बाप्तिस्मा घ्या’ म्हणतं. याच पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात पौलाला जे सांगितलं जातं, ते मात्र ‘स्वतःचा करवून घे’ अशा प्रयोगात आहे. मला विचाराल तर ‘घ्या’ने अर्थाची फार ओढाताण झालेली नाही. मराठीत आपण प्रसाद घेतो, आशीर्वादही घेतो. हात आपला असला तरी देणारा दुसराच असतो. स्वतःच स्वतःला प्रसाद दिला असं होत नाही. ‘घेणे’ हे क्रियापद दोन्ही पक्षांना थोडं थोडं पुरतं. 

आता परक्या शब्दाबद्दल. स्नानसंस्कार हा शब्द आहेच, वसईच्या आणि एकूणच मराठी कॅथलिकांत तो रुळलेला आहे. शेजारीपाजारी पाहिलं तर तमिळमध्ये ज्ञानस्नान, कन्नडमध्ये दीक्षास्नान. मराठी प्रोटेस्टंट बायबलात मात्र ग्रीक ‘बाप्तिस्मा’ जसाच्या तसा राहिला, आणि त्यामागे भाषेचा आळस नव्हता. ग्रीक ‘बाप्तिझो’चा मूळ अर्थ बुडवणे, बुचकळणे. काही पंथ बाप्तिस्म्यात माणसाला पाण्यात पूर्ण बुडवतात, काही नुसतं पाणी शिंपडतात किंवा ओततात. ‘बुडवणे’ असं भाषांतर केलं की शिंपडणाऱ्यांची पंचाईत. ‘धुणे’ किंवा ‘स्नान’ केलं की बुडवणारे नाराज. कलकत्त्याला येट्स आणि पिअर्स या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली बायबलात बुडवण्याच्या अर्थाचा शब्द घातला, तर बायबल सोसायटीने पैसे द्यायला नकार दिला. अमेरिकेतल्या सोसायटीनेही 1836 मध्ये हात वर केले: सगळ्या पंथांना वापरता येईल अशाच भाषांतराला मदत मिळेल. बॅप्टिस्टांनी तिथे वेगळी सोसायटी काढली आणि 1840 मध्ये इंग्लंडमध्येही तेच केलं. एका क्रियापदापायी दोन खंडांत वेगळ्या चुली मांडल्या गेल्या! शब्द भाषांतरित न करणं हाच त्यातला तह होता. ‘बाप्तिस्मा’ म्हणा आणि पाणी किती ते आपापल्या मंडळीत ठरवा.

पाण्याच्या प्रमाणाबद्दलही दोन्हीकडे पुरावे आहेत. जुन्या करारातला कुष्ठरोगी सेनापती नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो, तिथे जुन्या ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद येतं. पण लूककृत शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायात येशू जेवणाआधी धुतल्याशिवाय बसला म्हणून परूशाला (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याला) नवल वाटतं, तिथेही हेच क्रियापद आहे, आणि जेवणाआधी रोज कोणी नदीत डुबकी घेत नसावं. ‘दिदाखे’ हे फार जुनं ख्रिस्ती पुस्तक तर अगदी व्यवहारी: वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, गार नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता.

मराठीत ‘बुडवणे’ वापरलं असतं तर आणखी एक घोटाळा झाला असता. ‘बुडवणारा योहान’ म्हटल्यावर पुणेकराला यार्देन आठवणार नाही, सहकारी बँक आठवेल. पण नीट पाहिलं तर त्या शब्दातला नाशाचा अर्थ अगदीच गैर नाही. रोमकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायात पौल बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर मरणं आणि पुरलं जाणं म्हणतो. बुडवणारे याच वचनावर बोट ठेवतात.

मघाच्या कृत्यांतल्या वचनात आणखी एक शब्द आहे, आणि माझ्या मते तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, वादातला सगळ्यात अवघड शब्द तोच. ‘पापांची क्षमा व्हावी म्हणून’ बाप्तिस्मा घ्या, असं मराठी बायबल म्हणतं. ग्रीकमध्ये तिथे ‘एइस’ हे छोटं शब्दयोगी अव्यय आहे, साधारण ‘कडे, प्रत, साठी’ अशा अर्थाचं. बाप्तिस्म्याने तारण मिळत नाही, ते नुसत्या विश्वासाने मिळतं, असं मानणाऱ्यांतले काही पंडित इथे ‘एइस’चा अर्थ ‘कारणाने’ असा लावतात. मराठीत त्यांना नवा शब्द शोधावा लागत नाही! ‘क्षमा व्हावी म्हणून घ्या’ आणि ‘क्षमा झाली म्हणून घ्या’. ‘म्हणून’ तेच, फक्त ‘व्हावी’च्या जागी ‘झाली’ आलं, आणि बाप्तिस्मा औषधाऐवजी बरं झाल्याचा दाखला ठरला. आपलं ‘म्हणून’ हेतूही सांगतं आणि कारणही. निवाडा आधीचं क्रियापद करतं. मराठी भाषांतरकारांनी ‘व्हावी’ ठेवलं आणि ते योग्यच केलं असं मला वाटतं, कारण ‘एइस’चा नेहमीचा रोख हेतूकडेच असतो. ‘कारणाने’ हा अर्थ काढायला फार लांबून वळसा घ्यावा लागतो. अर्थात एका अव्ययावरून सगळा सिद्धांत ठरत नाही, हे बिबवेवाडीच्या प्रोटेस्टंट सेमिनरीतला (धर्मशिक्षणाच्या संस्थेतला) विद्यार्थीही सांगेल आणि नगर रस्त्यावरच्या कॅथलिक पेपल सेमिनरीतलाही, भले दोघांचे निष्कर्ष वेगळे असोत.

तारण. तरणे, तारणे, तारू, ‘देव तारी त्याला कोण मारी’, सगळी एकाच घरची. पार नेणं, बुडण्यातून वाचवणं. ग्रीक ‘सोतेरिया’ म्हणजे सुटका, वाचवणं. त्याला ‘मोक्ष’पेक्षा ‘तारण’ जवळचं, कारण मोक्षात जन्ममरणाचा फेरा गृहीत धरलेला असतो आणि तो इथे नाही. बँकेतलं तारण हेही याच शब्दाचं रूप: कर्ज बुडालं तर सावकाराला तारणारी वस्तू.

इथेही क्रियापदाचा काळ बघा. ‘तुझं तारण झालंय का?’ हा प्रश्न काही मंडळ्यांत अगदी सहज विचारतात. काहींना तो उद्धट वाटतो, ‘ते देव ठरवील’ म्हणतात. पौलाच्या पत्रांत तिन्ही काळ सापडतात. इफिसकरांस लिहिताना तारण ‘झालेले आहे’, करिंथकरांस लिहिताना ते चालू आहे, रोमकरांस लिहिताना पुढे होणार आहे. जो तो आपल्याला हवा तो काळ उचलतो.

बाप्तिस्मा आणि तारण एकच की वेगळं, याचं एक उत्तर पुण्याच्या अगदी जवळ आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेच्या कथनात, त्यांनी लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगलं: ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. कॅथलिक वाचक यावर म्हणेल, की बीज 1883 मध्येच पडलं होतं. पेंटेकोस्टल म्हणेल, पाहा, नुसत्या पाण्याने काय होतं? याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. ते काम त्यांनी 1922 मध्ये, मृत्यूच्या तोंडावर पुरं केलं.

एक सावधगिरी, विचारली नसली तरी. सहकारी लहानपणी चर्चमध्ये नेलेले आणि आता मोठेपणी पाण्यात उतरलेले असतील, तर त्यांच्यासमोर ‘तुम्ही पुन्हा बाप्तिस्मा घेतलात’ असं म्हणू नका. त्यांच्या लेखी लहानपणी कपाळावर पाणी पडलं तो बाप्तिस्मा नव्हताच, हा पहिलाच. उलट त्यांच्या आईला ‘पुन्हा’ हाच शब्द योग्य वाटेल, आणि बहुधा झोंबेलही. 1970 मध्ये नागपुरात अनेक पंथ मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही एकच मंडळी झाली तेव्हा बॅप्टिस्ट आणि अँग्लिकन एका छपराखाली आले, आणि बाळाचा आणि प्रौढाचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य झाले. पण एकाच माणसाने दोन्ही घ्यायचे का, या प्रश्नाने वाटाघाटींत सगळ्यात जास्त घाम काढला.