सात वाजून बावीस मिनिटं : सकाळच्या रेडिओ शोबद्दल तुमचे प्रश्न

या खेपेला आलेले जवळजवळ सगळे प्रश्न सकाळच्या शोबद्दलच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

प्रश्न : मी जयसिंगपूरचा, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आवाज भारदस्त आहे असं सगळे म्हणतात. आरजे होण्यासाठी डेमो कसा करू?

भारदस्त आवाज आधी बाजूला ठेवा. डेमो ऐकणारा माणूस पहिल्या दहा सेकंदांत एवढंच बघतो, की हा मुद्द्यावर कधी येतोय. 'नमस्कार, मी अमुक, लहानपणापासून मला रेडिओची आवड' इथंच निम्मे डेमो बंद होतात.

डेमो दोन मिनिटांचा करा. त्यात तीस-चाळीस सेकंदांच्या तीन लिंक (लिंक म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं) ठेवा : एक माहितीची, एक हलकीफुलकी आणि एक कुणाशी तरी बोलतानाची. तिसरीत तुम्ही समोरच्याला ऐकता का, ते कळतं. पार्श्वसंगीत, एको वगैरे काही लावू नका. पंखा बंद, मोबाईल एअरप्लेन मोडवर आणि कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, म्हणजे भिंतीवरून आवाज घुमत नाही. मोबाईल तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा तिरका धरा. सरळ समोर धरला की प, फ, ब, भ म्हणताना हवेचा धक्का बसून 'फट्' आवाज येतो. फाईलच्या नावातच तुमचं नाव आणि नंबर टाका. 'न्यू रेकॉर्डिंग ७' नावाची फाईल नंतर कुणालाच सापडत नाही.

आकाशवाणी कोल्हापूरची (१०२.७) वाट वेगळी. तिथं नैमित्तिक उद्घोषकांसाठी (गरजेपुरते बोलावले जाणारे निवेदक) जाहिरात निघते, लेखी परीक्षा आणि स्वरचाचणी होते. चाचणीत आपल्याकडची मुलं अडकतात ती 'पाणी' आणि 'पानी' मध्ये, शिवाय च आणि ज यांच्या दोन-दोन उच्चारांत. चहातला च आणि चमच्यातला च वेगळा. बातमीपत्रातला एक परिच्छेद रोज मोठ्यानं वाचा, रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर चुका कानाला लागत नाहीत.

प्रश्न : रोज चार-चार तास हे लोक बोलतात तरी काय? विषय संपत नाहीत का? (इचलकरंजी)

चार तास कुणीच बोलत नाही. एका तासाचा हिशोब मांडून बघा. साडेचार मिनिटांची आठ गाणी म्हणजे ३६ मिनिटं. जाहिराती १२ मिनिटं धरा. जिंगल आणि प्रोमोला तीन. उरली नऊ मिनिटं, आणि तीही चार-पाच तुकड्यांत. म्हणजे एका वेळी फार तर दोन मिनिटं. अडचण विषय संपण्याची नाही, दोन मिनिटांत विषय बसवण्याची आहे.

त्यामुळं सकाळचा शो आदल्या दिवशी दुपारीच उभा राहतो. शो संपल्यावर तासभर बसून उद्याच्या प्रत्येक लिंकला एक ओळ लिहायची : काय सांगायचं आणि शेवटचं वाक्य कोणतं. सुरुवात ऐनवेळी सुचते, शेवट सुचत नाही. शेवट ठरलेला नसला की माणूस 'तर मग असं आहे, चला ऐकूया' करत वीस सेकंद घसरत राहतो.

नवा होस्ट असं बोलतो : 'तर मित्रांनो, कसे आहात सगळे, आज सकाळपासून वातावरण खूप छान आहे आणि अशा वातावरणात कामाला निघताना...' आता हेच बघा : 'सात बावीस. शिवाजी पुलावर धुकं आहे, पुढची केएमटी बस दिसत नाही. लाईट लावूनच निघा.' दुसऱ्यात वेळ आहे, जागा आहे आणि ऐकणाऱ्यानं काय करायचं ते आहे. सकाळी लोक रेडिओ घड्याळासारखा वापरतात. म्हणून प्रत्येक लिंकमध्ये वेळ सांगायची आणि ती अंदाजे नाही. 'साडेसात वाजायला आलेत' याचा पोराची रिक्षा गाठणाऱ्या आईला काही उपयोग नाही.

ऐकणाराही तासातासाला बदलतो. सहा-साडेसहाला गंगावेशीत दूध घेऊन परतणारे आणि रंकाळ्यावर फिरणारे. सातच्या आसपास शिरोली, गोकुळ शिरगावच्या पहिल्या पाळीचे कामगार. आठनंतर शाळा-कॉलेज, नऊनंतर दुकानं आणि ऑफिसं. सव्वासहाला ऐकलेला माणूस नऊला नसतो, म्हणून चांगली लिंक थोडी बदलून दोनदा वाजवायला हरकत नाही. नव्यांना याची उगाच लाज वाटते.

गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलणं ही निव्वळ मोजणी आहे. बोलीत सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. गायक चौदाव्या सेकंदाला सुरू होणार असेल तर बाराव्याला थांबायचं, म्हणजे हातात चोवीस शब्द. तिसावा शब्द गायकाच्या तोंडावर पडतो आणि गाणं नासतं.

श्रोत्यांचे फोन बहुतेक वेळा गाणं चालू असताना रेकॉर्ड होतात. पहिली सूचना एकच : 'घरातला रेडिओ बंद करा.' नाहीतर फोनमधून आपलाच आवाज परत येतो. चार मिनिटांच्या बोलण्यातून चाळीस-पन्नास सेकंद ठेवायचे. 'हॅलो, हॅलो, येतोय का आवाज' आधी कापायचं. आणि हे प्रसारित होणार आहे, चालेल ना, एवढं रेकॉर्डिंगवरच विचारून घ्यायचं.

प्रश्न : पहाटे उठून घसा बसतो. मध, आलं, ज्येष्ठमध सगळं झालं. उपाय? (गडहिंग्लज, कम्युनिटी रेडिओवर काम करते)

घशाकडं नंतर बघू, आधी रात्रीचं जेवण बघा. साडेनऊला तांबडा-पांढरा ओरपून दहाला आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी स्वरयंत्राला सूज असते. जळजळ जाणवेलच असं नाही, फक्त आवाज जाड वाटतो आणि सारखं खाकरावंसं वाटतं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. खाकरू नका, त्यानं स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी घोटभर कोमट पाणी गिळा.

उठल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं मेंदू जडच असतो, त्या वेळात माईकसमोर बसू नका. साडेसहाचा शो असेल तर साडेचारला उठा आणि स्टुडिओला जाताना मिटल्या ओठांनी गुणगुणत जा. आवाज बसला असताना कुजबुजून बोलणं सगळ्यात वाईट, गप्प राहणं परवडलं. घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्वरयंत्र दाखवाच.

झोपेचं म्हणाल तर रविवारीही उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त हलवू नका. दुपारी वीस मिनिटांची डुलकी पुरे. दुपारी दोननंतर चहा नको, हे कोल्हापुरात सांगणं जड जातं, तरी सांगतोय.

प्रश्न : शोमध्ये 'काय भावा', 'नाद खुळा' बोलायचं की प्रमाण मराठी? (कोल्हापूर, मंगळवार पेठ)

तुम्ही तालमीच्या कट्ट्यावर जसं बोलता तसं बोला, पण वर मसाला टाकू नका. 'नाद खुळा' पेठेतला माणूस दिवसातून एखाद वेळेस म्हणतो, रेडिओवर मात्र दर लिंकला ऐकू येतं. खरी कोल्हापुरी क्रियापदात आणि हेलात असते : 'आलोय', 'जातोय', 'करायलंय'. आकडे, रस्त्यांची नावं, वेळ आणि औषधपाण्याची माहिती मात्र प्रमाण मराठीत, सावकाश. शिव्या प्रेमाच्या असल्या तरी नाहीत.

प्रश्न : पुराच्या दिवसांत खासगी एफएमवर काय सांगता येतं? बातम्या द्यायला बंदी आहे ना? (प्रयाग चिखली)

स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे खरं. २०११ च्या एफएम धोरणानं आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची मुभा दिली. वाहतूक, हवामान आणि स्थानिक प्रशासनानं दिलेली पाणी, वीज, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती बातमी धरली जात नाही. म्हणजे पाणीपातळी बिनधास्त सांगा, पण ती जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाची हवी. पुलावर उभ्या असलेल्या मित्राच्या व्हॉट्सअॅपवरची नको.

सांगताना तीन गोष्टी चुकतात. पहिली, वेळ. 'पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याला ४० फूट' एवढंच नाही, 'सकाळी सहाच्या नोंदीनुसार' हे आधी. आठला सहाचाच आकडा सांगावा लागला तर तसं म्हणा. दुसरी, फूट-इंच. कागदावर '४०.६' लिहिलेलं असतं आणि ते कुणी चाळीस फूट सहा इंच वाचतं. दशांशातले सहा म्हणजे सात इंचांच्या वर जातं. नोंद फूट-इंचांत आहे की दशांशात, ते फोन करून विचारा आणि मगच माईक उघडा. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत एकेका इंचावर जनावरं हलवायचं ठरतं. तिसरी, इशारा आणि धोका यांची गल्लत. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३.

राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी येतं. 'प्रशासनानं दरवाजे उघडले' म्हणू नका, 'दरवाजा उघडला' म्हणा, आणि ते पाणी कोल्हापूरला पोचायला वेळ लागतो हेही जोडा, नाहीतर लोक लगेच घाबरतात.

रस्ता बंद असेल तर कुठून कुठपर्यंत, कधीपासून आणि पर्याय कोणता, हे तिन्ही सांगा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. अशा वेळी पर्याय नसेल तर 'निघू नका' हेच सांगायचं. आवाज मात्र नेहमीचाच ठेवा. पार्श्वभूमीला गंभीर संगीत लावणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

प्रश्न : पगार कसा ठरतो? चाळिशीनंतर काय? (उचगाव)

श्रोते मोजायची रॅम नावाची पद्धत मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरतीच होती. आपल्याकडं तुमची किंमत ठरते ती तुमच्या शोला सराफ, बिल्डर, शोरूमवाले किती प्रायोजकत्व देतात त्यावर. म्हणून जाहिरात लिहायला आणि कार्यक्रमांचं निवेदन करायला शिका. चाळिशीनंतर प्रोग्रॅमिंग, व्हॉइसओव्हर, प्रशिक्षण या वाटा खुल्या राहतात. नुसत्या आवाजावर बसलेल्यांना त्या सापडत नाहीत.

प्रश्न : मुलीला सकाळच्या शोची नोकरी मिळतेय. पहाटे पाचला ती एकटी कशी जाणार? (एक आई, सानेगुरुजी वसाहत)

ताई, रुजू होण्याआधी स्टेशनला लेखी विचारा : पहाटेची गाडी देणार का, आणि त्या वेळी इमारतीत वॉचमन व तंत्रज्ञ असतो का. गाडीची सोय नसेल तर ती पगारात धरून मागा. आणि ती आजारी पडली तर शो कोण करणार, तेही त्याच पत्रात विचारून ठेवा. बदली माणूस नसेल तर तापातही मुलीला पहाटे निघावं लागेल.